हृदयशस्त्रक्रियेनंतरची घरगुती डिजिटल देखरेख

बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या रुग्णाचे वजन, रक्तदाब, नाडी, प्राणवायू, ताप आणि जखम रोज ठरलेल्या पद्धतीने पाहून त्या नोंदी उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याची पद्धत. गुंतागुंत नसेल तर रुग्णाला साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी घरी सोडतात. तारेने बांधलेले छातीचे हाड सांधायला मात्र ६ ते १२ आठवडे लागतात. देखरेखीचा भर याच काळावर असतो.

सर्वांत उपयोगी उपकरण म्हणजे साधा डिजिटल वजनकाटा. घड्याळ आणि ॲपच्या कौतुकात तोच घ्यायचा राहून जातो. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यानंतर, चहा घेण्याआधी, रोज तशाच हलक्या कपड्यांत वजन करावे. काटा फरशीवर ठेवावा. सतरंजीवर किंवा गादीवर ठेवला तर आकडा हलतो. तुलनेसाठी रुग्णालयातले वजन धरू नये, घरच्या काट्यावरचे पहिल्या सकाळचे वजन धरावे, कारण दोन काट्यांत किलोभराचा फरक सहज पडतो. एका दिवसात १ ते १.५ किलो किंवा आठवड्यात २ ते २.५ किलो वाढ झाली तर ती चरबी नसते, अंगात साठलेले पाणी असते. दम लागण्याच्या किंवा पाय सुजण्याच्या आधीच काटा ते सांगतो. अशा वेळी फोन करावा आणि लोणचे-पापड ताटात येत आहेत का, तेही पाहावे. बायपाससाठी ज्या पायातून शीर काढली आहे तो एकच पाय सुजणे बहुधा अपेक्षित असते. दोन्ही पाय सुजले किंवा पोटरी दुखू लागली तर मात्र कळवावे. उलट वजन झपाट्याने उतरत असेल आणि उठताना चक्कर येत असेल, तर लघवीच्या गोळीचा डोस जास्त होत असण्याची शक्यता असते.

रक्तदाब दंडावरच्या पट्ट्याच्या यंत्राने मोजावा. आधी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, न बोलता बसावे. पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या पातळीत हवा. दंडाला लहान पडणारा पट्टा रक्तदाब खोटाच वाढवून दाखवतो. मिनिटाच्या अंतराने दोन मोजण्या घेऊन दोन्ही लिहाव्यात. त्यातली ‘बरी’ निवडू नये.

नाडीच्या बाबतीत घोटाळा जास्त होतो. या शस्त्रक्रियेनंतर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची ताल सोडून पळापळ, वारंवार आढळते. ती बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, रुग्णालयातच दिसते; पण काहींना घरी आल्यावर सुरू होते. अशा वेळी अशक्त ठोके बोटापर्यंत पोहोचत नाहीत आणि ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून प्राणवायू व नाडी मोजणारे यंत्र, खऱ्यापेक्षा कमी नाडी दाखवतो. रक्तदाबाचे यंत्रही दर वेळी वेगळा आकडा देते. यंत्र बिघडले असे समजून ते बदलण्याआधी डॉक्टरांना ईसीजीबद्दल विचारावे. स्मार्टवॉचचा ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने पाहतो. तालातली गडबड त्यात दिसू शकते, हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके संथ करणारे औषध, चालू असेल तर नाडी मुळातच संथ असते, हेही ध्यानात ठेवावे.

ऑक्सिमीटर करोनाच्या साथीत घरोघरी आला. तो पडून असेल तर आधी सेल बदलावेत. गार बोटे, नेलपॉलिश, दाट काळी मेंदी यांनी आकडा बिघडतो. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त प्राणवायू दाखवू शकतो, म्हणून आकडा ठीक असला तरी वाढता दम दुर्लक्षू नये.

जखमेचा फोटो रोज त्याच उजेडात, तितक्याच अंतरावरून, फ्लॅश न लावता काढावा. पसरणारी लाली, पू, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, खोकताना छातीच्या हाडात ‘कट’ असा आवाज, यांतले काहीही आढळले तर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहू नये. त्याच दिवशी दाखवावे.

कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीसाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी तपासणी लागते. घरी पट्टीवर ती करणारे यंत्र मिळते, पण पट्ट्या महाग असतात. बहुतेक जण लॅबमध्ये जातात आणि आकडा फोनमध्ये लिहितात. त्याच नोंदीत गोळीचा डोस, चुकलेली गोळी आणि पालेभाजीतला मोठा बदल लिहिला तर आयएनआर का हलला हे उलगडते.

भारतात २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्हिडिओ, ऑडिओ आणि लेखी संदेश या तिन्ही मार्गांनी सल्ला देता येतो. तरी व्यवस्था फसते ती बहुधा पलीकडच्या टोकाला. परगावी असलेल्या मुलांना ॲपमध्ये आलेख दिसतो, पण तो रोज कोण वाचणार आणि कोणत्या आकड्याला कोणाला फोन करायचा, हे ठरलेलेच नसते. डिस्चार्जच्या वेळीच प्रत्येक मापाची वरची व खालची मर्यादा कार्डावर लिहून घ्यावी. छातीत दाबल्यासारखे दुखणे, शुद्ध हरपणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा बसल्या जागी दम लागणे यांसाठी संदेश पाठवत बसू नये. महाराष्ट्रात १०८ ला फोन करावा.