ग्रहधारी ताऱ्यांतील लिथियमचा वाद : पार्श्वभूमी

ग्रह असलेल्या ताऱ्यांतील लिथियम इतर ताऱ्यांतल्यापेक्षा वेगळे असते का, आणि त्याचे कारण ग्रहच आहेत का, असा हा वाद आहे. लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन ही हलकी मूलद्रव्ये ताऱ्याच्या अंतर्भागात तग धरत नाहीत. लिथियम सुमारे २५ लाख, तर बेरिलियम सुमारे ३५ लाख केल्विन तापमानाला प्रोटॉनांशी होणाऱ्या अभिक्रियांत नष्ट होते. त्यामुळे पृष्ठभागावर यांपैकी काय आणि किती उरले आहे, यावरून वरचे द्रव्य आत किती खोलवर मिसळले गेले ते कळते. सूर्यावरील लिथियम, सूर्यमालेची मूळ घडण जपणाऱ्या उल्कापाषाणांच्या तुलनेत, शंभराहून अधिक पटींनी घटलेले आहे.

१९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह शोधला आणि ग्रहांचा यजमान ताऱ्यांच्या रासायनिक घडणीशी काही संबंध आहे का, हा प्रश्न पुढे आला. १६ सिग्नी या जोडताऱ्याने तो अधिक टोकदार केला. त्याचे अ आणि ब हे दोन्ही घटक सूर्याशी मिळतेजुळते आणि एकाच वयाचे आहेत. तरीही ज्याच्याभोवती ग्रह सापडला त्या ब ताऱ्यात लिथियम अ पेक्षा कितीतरी कमी आहे.

२००१ मध्ये गारिक इस्राएलियान आणि सहकाऱ्यांनी एचडी ८२९४३ या ताऱ्यात लिथियम-६ आढळल्याचे जाहीर केले. लिथियमचे हे समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे रूप) नेहमीच्या लिथियम-७ हूनही नाजूक असल्याने ताऱ्यात मुळातले उरत नाही, म्हणून ते ताऱ्याने गिळलेल्या ग्रहातून आले असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी ईश्वर रेड्डी आणि सहकाऱ्यांच्या निरीक्षणांत मात्र ते आढळले नाही. लिथियमच्या ६७०.८ नॅनोमीटरजवळच्या वर्णरेषेत (ताऱ्याच्या प्रकाशातील त्या मूलद्रव्याच्या खुणेत) इतर मूलद्रव्यांच्या क्षीण रेषा मिसळलेल्या असतात, आणि त्या कशा गृहीत धरायच्या यावर उत्तर बदलते.

२००९ मध्ये इस्राएलियान यांच्याच गटाने ग्रहधारी सूर्यसदृश ताऱ्यांत लिथियम अधिक घटलेले असते, असे मांडले. २०१० मध्ये पॅट्रिक बाउमान आणि सहकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली : लिथियम वयानुसारही घटते, आणि समान वयाचे व समान धातुप्रमाणाचे (हेलियमहून जड मूलद्रव्यांच्या प्रमाणाचे) तारे तुलनेस घेतले की फरक उरत नाही. ही हरकत मला मूलभूत वाटते, कारण ताऱ्याचे वय ठरवणे हेच सर्वांत अवघड काम आहे.

बेरिलियमच्या पुराव्याला या वादात त्याच्या योग्यतेइतके वजन मिळालेले नाही. त्याच्या रेषा ३१३ नॅनोमीटरजवळ, म्हणजे वातावरण जिथे प्रकाश अडवू लागते त्या अतिनील भागात येतात. म्हणून निरीक्षणे थोडी आहेत. तरीही २००२ आणि २००४ मध्ये नूनो सांतोस यांच्या गटाला ग्रहधारी आणि इतर ताऱ्यांच्या बेरिलियममध्ये लक्षणीय तफावत दिसली नाही, आणि ग्रह गिळणे ही सर्रास घडणारी घटना असती तर ती दिसायला हवी होती.