एनबीसी संरक्षण साहित्य, ग्वाल्हेर

अण्वस्त्रीय, जैविक आणि रासायनिक हल्ल्यात सैनिकाचा जीव वाचावा आणि त्याला हातचे काम सोडावे लागू नये, यासाठी तयार केलेली साधने. अंगातला पोशाख, तोंडावरचा मास्क, विष ओळखणारे कागद आणि यंत्रे, कातडीवरचे विष टिपणारी पाकिटे, उताऱ्याची सुई हे सगळे यात येते. इंग्रजी आद्याक्षरांवरून फौजेत त्याला ‘एनबीसी’ म्हणतात. अलीकडे किरणोत्सारी पदार्थांचा धोका जोडून ‘सीबीआरएन’ हे नावही रुळले आहे. भारतीय सेना वापरते त्यातल्या बऱ्याच साधनांची पहिली घडण ग्वाल्हेरच्या झाशी रोडवरील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेत झाली. गावात तिला सगळे ‘डीआरडीई’च म्हणतात.

या संस्थेचे मूळ शिंदे संस्थानात आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. त्यातून लष्कर हे शहर वाढले आणि फौजेबरोबर आलेली मराठी घरे तिथेच स्थिरावली. संस्थानच्या अखेरच्या दिवसांत, १९४७ साली, जिवाजीराव शिंद्यांच्या नावाने ‘जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा’ उभी राहिली. १९६६ मध्ये ती संरक्षण खात्याच्या कानपूरच्या प्रयोगशाळेची शाखा झाली आणि १९७३ च्या डिसेंबरात तिला आजचे नाव व स्वतंत्र दर्जा मिळाला. ग्वाल्हेरची मराठी ओळख सांगताना गाणे आणि वाडे यांच्यावर बोलणे संपते. जिवाजीरावांच्या नावाची ही प्रयोगशाळाही त्याच वारशाचा भाग आहे आणि तिची नोंद व्हायला हवी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

गरज कुठून आली

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वाऱ्यावर सोडला. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, हिंदी सैनिकांची लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर पुढे सरकत असताना तिच्यावरही वायू आला. मास्क कुणाकडेच नव्हते. फेट्याचे टोक किंवा हाती लागेल ते फडके ओले करून नाकातोंडावर धरणे, एवढाच उपाय होता. त्या दिवशी जमादार मीर दस्त यांनी विखुरलेल्या सैनिकांना गोळा करून ठाणे धरून ठेवले आणि जखमी अधिकाऱ्यांना माघारी आणले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी सैनिक आणि विषारी वायू यांची गाठ पडली ती अशी, उघड्या तोंडाने.

पुढे मस्टर्ड वायू आला. तो कपड्यातून आणि साध्या रबरातूनही झिरपतो आणि लागल्यावर काही तासांनी फोड उठवतो, त्यामुळे नुसता मास्क पुरेना. मग १९३६ साली जर्मनीत कीटकनाशकांचा शोध घेताना टॅबून सापडला, १९३८ मध्ये सारिन. या तंत्रिका वायूंना (म्हणजे मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या विषांना) रंग जवळजवळ नसतो, त्यांचा वासही भरवशाचा नसतो आणि त्यांचा कातडीवर पडलेला थेंबही जीव घेऊ शकतो. सैनिकाला पायापासून डोक्यापर्यंत झाकणे भाग पडले ते यांच्यामुळे.

सूट आणि मास्क

नखशिखांत झाकायचे तर रबराचा बंद पोशाख सगळ्यांत सोपा. पण त्यात माणूस फार वेळ टिकत नाही. चालणाऱ्या, वजन उचलणाऱ्या शरीराला उष्णता बाहेर टाकावी लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती घाम वाळूनच जाते, आणि रबरात घाम वाळत नाही. ग्वाल्हेरचा नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, ज्यांनी काढला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना सुती सदराही अंगाला नको होतो, तिथे सूट, हातमोजे, बूट आणि वर मास्क घालून खंदक खणायचा आहे. विषाने गाठण्याआधीच उष्माघाताने माणूस पडायचा. थंड मुलखातल्या सैन्यासाठी बनलेला सूट जसाच्या तसा राजस्थानच्या सीमेवर चालत नाही, याचे कारण हेच. म्हणून सूट विष किती तास अडवतो याच्या बरोबरीने, तो घालून जवान किती वेळ उभा राहतो, हे पाहूनच त्याची किंमत ठरवली पाहिजे.

यावरचा तोडगा म्हणजे हवा आणि घामाची वाफ आरपार जाऊ देणारा, पण विषाची वाफ मधेच धरून ठेवणारा सूट. त्याचा बाहेरचा थर आग न धरणारा असून त्यावर तेलाचा किंवा पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन ओघळतो. आतल्या थरात सक्रियित कार्बन असतो. आधी तो भुकटीच्या रूपात कापडाला चिकटवत. भुकटी झडते, घामाने माखते आणि सूट जड होतो. आता कार्बनचे बारीक गोल दाणे कापडावर बसवतात. दाण्यांमधल्या फटींतून हवा खेळती राहते आणि सूट हलका होतो.

कार्बनचे काम त्याच्या छिद्रांत चालते. ग्रॅमभर चांगल्या सक्रियित कार्बनचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटर किंवा त्याहूनही जास्त भरतो आणि विषाचे मोठे रेणू त्या भिंतींना चिकटून राहतात. असा कार्बन नारळाच्या करवंटीपासून उत्तम होतो. करवंटी कठीण असल्याने तिचा कोळसा सहजी भुगा होत नाही आणि त्यातली छिद्रेही बारीक असतात. कोकणात जी करवंटी चुलीत जाते, तिच्याच जातीचा कोळसा मास्कच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, भरलेला असतो. मात्र हायड्रोजन सायनाइडसारखे लहान रेणू नुसत्या कार्बनला दाद देत नाहीत. त्यासाठी कार्बनवर तांबे, चांदी अशा धातूंच्या क्षारांचा लेप देतात, म्हणजे विष तिथेच रासायनिकरीत्या मोडते. कार्बनच्या आधी धूळ, जंतू आणि किरणोत्सारी कण गाळणारा कागदी थर असतो. एवढे असूनही हा मास्क प्राणवायू तयार करत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही अडवत नाही. धुराने भरलेल्या बंद खोलीत तो घालून शिरणे जिवावर बेतते, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

मास्क चेहऱ्याला नीट बसला की नाही, हे वासाने तपासता येते. आयसोअमिल अ‍ॅसिटेटचे थेंब टाकलेल्या खोलीत मास्क घालून उभे करतात, डोके डावी-उजवीकडे फिरवायला, मोठ्याने बोलायला सांगतात. पिकल्या केळ्याचा वास आला तर कुठेतरी फट आहे. दाढीमुळे अशी फट राहते आणि शीख पलटणी असलेल्या सैन्यात हा प्रश्न बाजूला सारता येत नाही. त्यावर डोके आणि मान पूर्ण झाकणारी, पंख्याने गाळलेली हवा आत ढकलणारी टोपी वापरता येते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असल्याने फट राहिली तरी हवा बाहेरच जाते.

सूट घालण्यापेक्षा काढणे अवघड. बाहेरून विषाने माखलेल्या कापडाचा अंगाला स्पर्श होऊ न देता ते उलटत उलटत सोलावे लागते आणि त्याला जोडीदार लागतोच. प्रशिक्षणात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

ओळख: कागदापासून ‘अकाडा’पर्यंत

विष आले आहे हे कळण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे तीन रंगांचा कागद. त्यात वेगवेगळे रंग मिसळलेले असतात. बाहीवर किंवा गाडीच्या पत्र्यावर लावलेल्या कागदावर विषाचा थेंब पडला की ज्या जातीचे विष, त्या जातीचा रंग विरघळून डाग उमटतो. विजेची गरज नाही, शिकवायला दहा मिनिटे पुरतात. पण कागदाला थेंब लागतो, वाफ त्याला कळत नाही. वाफेसाठी ग्वाल्हेरने वेगळी पेटी केली. तिच्यात हवा ओढून रसायन भरलेल्या नळीतून नेतात आणि नळीचा रंग बघतात. विहिरी-तळ्यातले पाणी तपासण्याचीही स्वतंत्र पेटी आहे.

माणसाने तपासेपर्यंत उशीर झालेला असू शकतो, म्हणून आपोआप हवा हुंगत राहून इशारा देणारे यंत्र हवे होते. डीआरडीईने विकसित केलेले ‘अकाडा’ हे ते यंत्र. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने लार्सन अँड टुब्रो कंपनीशी अशा २२३ यंत्रांचा ८०.४३ कोटी रुपयांचा करार केला. यंत्र सतत हवा आत खेचते आणि तिच्यातल्या रेणूंना विद्युतभार देते. मग हे आयन एका नळीत विद्युतक्षेत्राच्या ओढीने पुढे धावतात. लहान, आटोपशीर आयन लवकर पोचतो, मोठा पसरट आयन मागे राहतो. हा फरक मिलिसेकंदांचा असतो, पण प्रत्येक विषाची वेळ ठरलेली असते आणि ती यंत्राच्या स्मृतीत साठवलेली असते. वेळ जुळली की भोंगा वाजतो. अशा यंत्रांची अडचण खोट्या इशाऱ्यांची आहे. डिझेलचा धूर, रंगातली द्रावके यांनीही ती फसू शकतात, आणि चार वेळा उगाच भोंगा वाजला की पाचव्या वेळी कुणी मास्क उचलत नाही. म्हणून यंत्राची संवेदनशीलता वाढवण्याइतकेच त्याला फसू न देणेही महत्त्वाचे.

चालत्या गाडीतून हेच काम करण्यासाठी अहमदनगरची (आता अहिल्यानगर) वाहन संशोधन संस्था आणि ग्वाल्हेरची डीआरडीई यांनी मिळून बीएमपी-२ या चिलखती गाडीवर टेहळणी वाहन उभे केले. आतल्या जवानांना न उतरता हवा आणि मातीचे नमुने घेता येतात, दूषित भागाच्या कडेला खुणेचे झेंडे रोवता येतात.

उतारा

कातडीवर थेंब पडलाच तर पहिली काही मिनिटे निर्णायक असतात. सैनिकाच्या खिशातल्या पाकिटात त्यासाठी जी भुकटी असते ती मुलतानी माती. घराघरात चेहऱ्याला लावतात तीच जात, फक्त शुद्ध आणि ठराविक बारकाईची. ती थेंब शोषून घेते. इथे चोळायचे नाही, टिपायचे. चोळल्याने विष आत जिरते.

तंत्रिका वायू शरीरात गेला तर मांडीत, कपड्यांवरूनच टोचायची स्प्रिंगची सुई असते. तिच्यात अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम ही औषधे असतात. तंत्रिका वायू आणि शेतावर फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशके एकाच कुळातली आहेत. दोन्ही शरीरातले एकच विकर (एन्झाइम) बंद पाडतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतमजूर दगावले, तेव्हा वापरात असलेल्या औषधांत या कुळातलीही होती. सैनिकाच्या खिशात जे औषध आहे ते तालुक्याच्या दवाखान्यातही भरपूर असले पाहिजे, ही मागणी अजिबात अवाजवी नाही. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात मिथिल आयसोसायनेट सुटल्यावर त्याच्या विषारीपणाचा अभ्यास ग्वाल्हेरात झाला, तोही याच धाग्याने.

भारत रासायनिक अस्त्रबंदी कराराचा मूळ सहीदार आहे. आपला साठा त्याने १९९७ मध्ये जाहीर केला आणि २००९ पर्यंत आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली नष्ट केला. तेव्हापासून ग्वाल्हेरचे काम उघडपणे बचावाचे आहे. संस्थेच्या ‘व्हर्टॉक्स’ प्रयोगशाळेने करारावर देखरेख करणाऱ्या हेगच्या संघटनेची नियुक्त प्रयोगशाळा म्हणून मान्यता मिळवली. त्यासाठीच्या परीक्षेत अज्ञात नमुन्यातली रसायने १५ दिवसांत ओळखून पुराव्यासह अहवाल द्यावा लागतो.

छावणीतून बाहेर आलेली साधने

जंतूंपासून बचावाच्या कामातून दोन गोष्टी लोकांपर्यंत पोचल्या. ‘डेपा’ हे डास पळवणारे रसायन ईशान्येच्या जंगलात हिवतापाने हैराण झालेल्या जवानांसाठी बनले. परदेशी ‘डीट’ला लागणारा कच्चा माल आयात करावा लागे, त्याला हा पर्याय. दुसरी जैवशौचालये. सियाचीन-लडाखच्या थंडीत मैला कुजत नाही, साचत राहतो. थंडीतही काम करणारे जिवाणू निवडून, त्यांच्या मिश्रणाने मैल्याचे पाणी आणि वायूत रूपांतर करणारी टाकी तयार झाली. २०१० मध्ये रेल्वेशी करार झाला आणि पुढे अडीच लाखांहून अधिक अशी शौचालये डब्यांना बसली. रुळांवर उघडा पडणारा मैला थांबला, ही मोठी गोष्ट आहे. २०१७ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात मात्र ती तुंबण्याच्या ढिगाने तक्रारी नोंदल्या गेल्या. बाटल्या, पिशव्या आत टाकल्या की जिवाणू काही करू शकत नाहीत.

टेकनपूर

झाशी रोडनेच सुमारे ३० किलोमीटर पुढे गेले की डबऱ्याच्या अलीकडे टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी लागते. तिच्या आवारात १९७६ पासून अश्रुधुराचा कारखाना आहे. देशभरच्या पोलिसांना आणि निमलष्करी दलांना नळकांडी, हातगोळे आणि प्लास्टिकच्या गोळ्या इथून जातात. अस्त्रबंदी करारानुसार अश्रुधूर युद्धात वापरायला बंदी आहे, दंगल आवरायला नाही. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या या दोन संस्थांची कामे कायद्याने वेगळी पडतात. काश्मीरमध्ये छऱ्यांनी लोकांचे डोळे गेल्यावर २०१६ मध्ये मिरचीच्या तिखटपणाशी नाते असलेल्या ‘पावा’ रसायनाची नळकांडी इथे करण्यात आली. २०२२ मध्ये ड्रोनवरून अश्रुधुराची नळकांडी टाकण्याची यंत्रणा याच कारखान्याने तयार करून चाचणीला आणली. आकाशातून पडणारे नळकांडे कुणाच्या डोक्यात बसणार नाही, ते किती उंचीवरून आणि किती गर्दीवर टाकायचे, याचे नियम त्या यंत्रणेइतकेच काटेकोर असावे लागतील.