नेट नेमके कुठे अडते?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या, पण एरवी धडधाकट असलेल्या असंख्य संगणकांचे करायचे काय, असा प्रश्न त्यांच्या मालकांपुढे उभा राहिला. सांगलीत विश्रामबागेतली झेरॉक्सची दुकाने, मार्केट यार्डातल्या अडत पेढ्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या खोल्या, अशा ठिकाणी या प्रश्नाचे स्वस्त उत्तर म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही प्रणाली. पेनड्राइव्हवरून ही प्रणाली बसवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही; अवघड असते ते पुढचे, म्हणजे पडद्यावर सारे व्यवस्थित दिसत असताना नेट न चालणे. अशा वेळी बरेच जण सगळी प्रणाली पुन्हा बसवतात किंवा मिंट काढून उबुंटू घालतात. हे दोन्ही उपाय बहुतेक वेळा निरुपयोगी असतात. कधी कधी त्यांनी काम झाल्यासारखे वाटते खरे, पण दरम्यान कोणीतरी राउटर बंद करून चालू केलेला असतो किंवा केबलवाल्याने त्याच्याकडचा बिघाड काढलेला असतो आणि श्रेय मात्र नव्या प्रणालीला मिळते.

एखादे संकेतस्थळ उघडण्याआधी बरेच काही घडावे लागते. नेटवर्क कार्ड कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, ओळखावे लागते, ते वाय-फायला किंवा तारेला जोडले जावे लागते, राउटरकडून संगणकाला आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावरचा अंकी पत्ता, मिळावा लागतो, राउटरच्या पलीकडचा रस्ता मोकळा असावा लागतो, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सापडावा लागतो आणि अखेर ब्राउझरने समोरच्या सर्व्हरचे ओळख पटवणारे प्रमाणपत्र तपासून सुरक्षित जोडणी पक्की करावी लागते. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. त्यामुळे नीट चालणारी शेवटची पायरी कोणती, हे कळले की बिघाड तिच्या लगेच पुढे सापडतो.

तळापासून सुरुवात करायची तर पहिला प्रश्न कार्डाचा. जुन्या लॅपटॉपमध्ये, विशेषतः ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असलेल्यांत, नेटवर्कच्या यादीत वाय-फायचे नावच दिसत नाही. पुष्कळ चिपना चालू होताना फर्मवेअर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम भरून द्यावा लागतो आणि तो कंपनीच्या मालकीचा असल्यामुळे काही लिनक्स वितरणे, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे तयार संच, तो सोबत देत नसत. त्यांपैकी डेबियनने हा नियम शिथिल केला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये येऊ लागले. तरीही ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, नेटवरून उतरवायचा आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, असा पेच पडलाच, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्यावर टेदरिंग, म्हणजे फोनचे नेट संगणकाला देण्याची सोय, सुरू करावे. अँड्रॉइड फोन या मार्गाने लिनक्सला सहसा लगेच ओळखता येतो आणि मग मिंटमधल्या ड्रायव्हर व्यवस्थापकातून उरलेले काम होते. त्याआधी लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचे छोटे बटण आहे का, हेही पाहून घ्यावे; काही जुन्या मॉडेलमध्ये ते असते, आणि ते बंद असेल तर कितीही ड्रायव्हर घातले तरी उपयोग नाही.

वाय-फाय चालते, शेजारचे राउटर दिसतात, फक्त घरचाच दिसत नाही, असा एक चमत्कारिक प्रकारही घडतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १३ चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत मात्र सामान्यतः ११ च वापरतात. संगणकाने स्वतःला अमेरिकेत समजले आणि राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर असला, तर फोनला दिसणारा राउटर लॅपटॉपला दिसत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवला की प्रश्न मिटतो.

जोडणी झाल्यावर संगणकाला पत्ता मिळाला का, ते पाहावे. नेटवर्कच्या तपशिलात १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर घरगुती राउटरने बहुधा आपले काम केलेले आहे. पत्ताच नसेल किंवा तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून उत्तर आलेले नाही, असे समजावे.

आता पिंग. टर्मिनलमधली, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतली, ही आज्ञा दूरच्या यंत्राला एक छोटासा संदेश पाठवते आणि उत्तर यायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत सांगते. माइक म्यूस यांनी ती १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिली आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिला हे नाव दिले. आधी राउटरला पिंग करावे, मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाला त्याच्या नावाने. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, असे झाले तर दोष बहुधा आपल्या संगणकात नसतो. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागलेला असेल, तर तारेतून प्रकाशच पोहोचत नाही, म्हणून केबलवाल्याला फोन करणे हाच उपाय. अर्थात कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या जाळ्यात पिंग मुद्दाम बंद ठेवलेले असू शकते, तेव्हा तिथल्या शांततेवरून घाईने निष्कर्ष काढू नये.

अंकी पत्ता उत्तर देतो आणि नाव देत नाही, तर बिघाड नावांच्या व्यवस्थेत, म्हणजे डीएनएसमध्ये आहे. पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था मांडली तीही १९८३ मध्येच. त्याआधी जाळ्यावरच्या सर्व यंत्रांची नावे एकाच फाइलमध्ये ठेवलेली असत आणि ती सगळ्यांना उतरवून घ्यावी लागे. उबुंटूमध्ये डीएनएसचा पत्ता पाहायला गेले की १२७.०.०.५३ असा आकडा दिसतो आणि इथेच नवखे फसतात. १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे खुद्द आपलाच संगणक. तिथे एक छोटी सेवा बसलेली असते; ती प्रश्न घेते, खऱ्या सर्व्हरकडे पाठवते आणि आलेली उत्तरे काही काळ लक्षात ठेवते. हा आकडा चुकीचा समजून अनेक जण तो ज्या फाइलमध्ये असतो ती हाताने बदलतात, काम होते, आणि संगणक पुन्हा सुरू केला की प्रणाली ती फाइल पूर्ववत करून टाकते. बदल करायचाच असेल तर तो नेटवर्कच्या सेटिंगमध्ये, त्या विशिष्ट जोडणीच्या आयपीव्ही४ च्या पानावर करावा, तिथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असा सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता लिहून स्वयंचलित डीएनएस बंद केला की तो टिकतो.

नावही सापडते, तरीही ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला असुरक्षित ठरवतो, तेव्हा कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. दुकानातले जुने संगणक रात्री मुख्य बटणापासून बंद केले जातात, मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते आणि तारीख काही वर्षे मागे जाते. प्रमाणपत्राची मुदत तर त्या तारखेला अजून सुरूच झालेली नसते! लिनक्स नेट मिळताच घड्याळ स्वतः जुळवतो, पण जाळ्यात त्यासाठी लागणारे १२३ क्रमांकाचे पोर्ट (वाहतुकीचे दार) अडवलेले असेल तर त्याला ते जमत नाही. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकते, कारण विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितो आणि लिनक्स ती जागतिक वेळ समजतो. त्यामागे बॅटरीचा काही संबंध नसतो.

इथवर कुठेच दोष सापडला नाही, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स न बसवता नुसता चालवून पाहावा. त्यात नेट चालले तर बसवलेल्या प्रणालीतली एखादी सेटिंग बिघडली आहे. तिथेही चालले नाही तर ड्रायव्हर, कार्ड किंवा बाहेरची जोडणी यांकडे वळावे. सगळे पुन्हा बसवून जी माहिती मिळते, ती इथे हार्ड डिस्कला हात न लावता मिळते.

सर्वांत फसवा बिघाड मात्र अर्धवट चालणाऱ्या नेटचा. पिंग होते, नावे सापडतात, काही संकेतस्थळे झटकन उघडतात आणि काही नुसती फिरत राहतात. ईमेल जातो पण जोडलेले बिल जात नाही. लोक अशा वेळी ब्राउझरला दोष देतात. खरे कारण माहिती ज्या तुकड्यांत पाठवली जाते, त्या पाकिटांच्या आकारात असू शकते. इथरनेटवरून एका वेळी १५०० बाइटचे पाकीट जाते, पण फायबर देणाऱ्या अनेक कंपन्या नाव आणि पासवर्ड तपासण्यासाठी पीपीपीओई ही पद्धत वापरतात आणि तिच्या शीर्षकाला, म्हणजे पाकिटाच्या सुरुवातीला जोडलेल्या माहितीला, ८ बाइट लागतात, म्हणून आपल्या वाट्याला १४९२ उरतात. हळदीचे पोते दारापेक्षा रुंद निघावे, तसे मोठे पाकीट त्या जागी अडते. अडवणाऱ्या यंत्राने ‘लहान पाठवा’ असा निरोप मागे द्यायचा असतो, पण वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने तसले निरोप बंद केलेले असले की पाठवणारा तेच मोठे पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. बहुतेक राउटर हे आपणहून सांभाळतात. संगणकावरूनच थेट पीपीपीओई लावलेले असेल किंवा वर आणखी व्हीपीएन असेल, तेव्हा ही अडचण उघडी पडते.

ती तपासायला पुन्हा पिंगच लागते. पाकीट फोडू नये अशी अट घालून १४७२ बाइटचा संदेश पाठवावा. त्यात २८ बाइटची शीर्षके मिळून १५०० होतात. तो अडला आणि १४६४ चा गेला, तर निदान पक्के झाले. मग जोडणीच्या सेटिंगमध्ये एमटीयूच्या, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराच्या, रकान्यात १४९२ लिहून जोडणी एकदा बंद करून चालू करावी. हा आकडा फक्त त्याच जोडणीपुरता साठवला जातो, त्यामुळे तोच लॅपटॉप मिरजेला नातेवाइकांच्या वाय-फायवर नेला, तरी तिथे काही बदलावे लागत नाही.