पाहिलेलं लेक्चर आणि आठवणारं लेक्चर

"दिवसभर हातात मोबाईल असणाऱ्या पिढीला ऑनलाइन शिकायला काय अवघड?" २०२० साली शाळा-विद्यापीठं बंद झाली आणि युनेस्कोच्या हिशेबाप्रमाणे जगभरातले दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी वर्गाबाहेर पडले, तेव्हा हे वाक्य सर्रास कानावर यायचं. आजही येतं. लॅपटॉप आहे का, नेट चालतं का, एवढं विचारलं की विद्यार्थ्यांची तयारी तपासून झाली, असं मानलं जातं.

लॅपटॉप आणि नेट नसेल तर सगळंच अडतं, हे खरं. पण २०१० साली तयार झालेल्या आणि पुढे बरीच वापरल्या गेलेल्या एका प्रश्नावलीत या तयारीचे पाच घटक धरले आहेत, आणि संगणक-इंटरनेट हाताळण्याचा आत्मविश्वास हा त्यांतला फक्त एक. बाकीचे चार म्हणजे स्वतःचा अभ्यास स्वतः आखणं, मन भरकटू न देणं, शिकण्याची ओढ आणि ऑनलाइन प्रश्न विचारायला न बुजणं. रील्स पाहून यातलं काहीही अंगी येत नाही.

अभ्यास स्वतः आखायचा तर आपल्याला काय येतं आणि काय नाही, याचा अंदाज बरोबर हवा. रेकॉर्ड केलेलं लेक्चर नेमका तोच चुकवतं.

समजा, संख्याशास्त्राचं लेक्चर चालू आहे. नमुन्याचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, काढताना एनऐवजी (एन म्हणजे नमुन्यातल्या आकड्यांची संख्या) एन वजा एकने का भागायचं, हे सर समजावतायत. विद्यार्थिनी दहा सेकंद मागे जाते, पुन्हा ऐकते, पटतं. दुसऱ्या दिवशी तोच भाग दीडपट वेगाने लावते, तर प्रत्येक वाक्य ओळखीचं. 'हे येतंय' म्हणून ती पुढे सरकते. मग लॅपटॉप मिटून कोऱ्या कागदावर कारण लिहायला घेते आणि दुसऱ्याच ओळीला पेन अडतं.

माहिती डोक्यात किती सहज शिरते, यावरून मेंदू 'मला येतं' असा निवाडा देऊन टाकतो. समोर आलेलं ओळखणं सोपं असतं. समोर काही नसताना आठवणं ही वेगळी क्रिया आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्योर्क यांनी १९९२ साली मांडलेल्या सिद्धांतात प्रत्येक आठवणीला दोन बळं असतात: ती किती खोल रुजली आहे आणि या क्षणी किती चटकन हाती लागते. हाती लागणं जितकं सोपं, तितकी त्या वेळच्या उजळणीने रुजण्यात पडणारी भर कमी. म्हणून लगेच पुन्हा पाहून फार थोडं साधतं, आणि थोडं विसरल्यावर धडपडून आठवलेलं पक्कं बसतं.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा चार सत्रांत वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणारे ४०, आठवणारे ६१. आणि आपल्या लक्षात जास्त राहील, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती!

'मी बघून शिकणारा, तू ऐकून शिकणारी' असली वर्गवारी करून कोर्स विकणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या कल्पनेचे पुरावे तपासले, तेव्हा तसं शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार सापडला नाही.

वर्गात सर अचानक कुणालातरी प्रश्न विचारतात तेव्हा बाकीचेही मनात उत्तर शोधू लागतात. रेकॉर्डिंगमध्ये ती संधी मुद्दाम पेरावी लागते, आणि पेरली तर फळतेही. २०१३ साली कार्ल स्पूनार आणि सहकाऱ्यांनी संख्याशास्त्राच्या २१ मिनिटांच्या व्हिडिओ लेक्चरचे चार तुकडे केले. प्रत्येक तुकड्यानंतर एका गटाला छोटी चाचणी दिली. दुसऱ्याला तेच प्रश्न उत्तरांसह नुसते वाचायला दिले. वाचणाऱ्यांचं लक्ष उडाल्याची नोंद जवळपास ४० टक्के वेळा झाली, चाचणी देणाऱ्यांची १९ टक्के. चाचणीवाल्यांनी नोट्सही कितीतरी जास्त काढल्या. सततच्या चाचण्यांनी मुलं धास्तावतील, ही शंका रास्त आहे. पण शेवटच्या परीक्षेची धास्ती याच गटाला कमी वाटली होती.