आरएक्स-७ च्या पुनरागमनाची आवई

माझदा या जपानी कंपनीची रोटरी इंजिनाची (पिस्टनऐवजी फिरणारा त्रिकोणी रोटर असलेल्या इंजिनाची) स्पोर्ट्स कार आरएक्स-७ लवकरच परत येणार, ही आवई २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबल्यापासून वारंवार उठत आली आहे. २०२३ मध्ये टोकियोत माझदाची आयकॉनिक एसपी ही देखणी लाल गाडी दिसताच ‘हीच ती’ असे अनेकांनी ठरवूनही टाकले. प्रत्यक्षात ती केवळ संकल्पना-गाडी होती, म्हणजे विक्रीसाठी नव्हे तर कल्पना दाखवण्यासाठी बनवलेली. शिवाय तिच्यातील रोटरी इंजिनाचे काम चाके फिरवण्याचे नसून वीज तयार करण्याचे होते, आणि चाहत्यांच्या उत्साहात नेमका हाच तपशील हरवला.

रोटरी इंजिनाला चाकांऐवजी विजेचे काम का, हे त्याच्या पोटात डोकावले की कळते. त्रिकोणी रोटरभोवतीची ज्वलनाची जागा लांबट व चपटी असल्याने थोडे इंधन न जळताच बाहेर पडते, आणि रोटरच्या टोकांवरच्या, गळती रोखणाऱ्या सीलना वंगण मिळावे म्हणून थोडे तेलही जाळावे लागते. प्रदूषणाच्या कडक नियमांपुढे आरएक्स-७ ची वारसदार आरएक्स-८ देखील २०१२ मध्ये थांबली. जनित्र म्हणून मात्र हे इंजिन सोयीच्या वेगावर चालवता येते. माझदाच्याच एमएक्स-३० या विजेवर चालणाऱ्या गाडीतील ८३० सीसीचे एकरोटर इंजिन तेच करते. २०२४ मध्ये माझदाने रोटरीसाठी पुन्हा अभियंत्यांचा गट उभारला हे खरे, पण गट म्हणजे गाडी नव्हे.