नवं घर, हात आखडता : पडदे शिवायला टाकण्याआधी हे वाचा

सामान लागलं, खोकी रिकामी झाली, तरी संध्याकाळी दार उघडलं की परक्याच्या घरी आल्यासारखं वाटतं. ही तक्रार घेऊन आमच्याकडे बरेच जण येतात. हातात यादी असते : सोफा, शोकेस, भिंतीवर लावायला काहीतरी मोठं आणि सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर, पडदे. आम्ही पडदे, उशांचे अभ्रे आणि सोफ्याची कव्हरं शिवतो. तेव्हा ही यादी उलटी करा असं आम्ही म्हटलं, तर त्यात आमचा स्वार्थ दिसणारच. दिसू दे. पण आधी खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा.

टाळीमागे बारीकसा झणझणाट ऐकू आला, तर घर परकं वाटण्याचं एक मोठं कारण सापडलं. नव्या घरात फरशी, प्लास्टर, काच असे सगळे पृष्ठभाग टणक असतात. आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो, पुन्हा आपटतो. बोललेलं वाक्य संपल्यावरही खोलीत थोडं रेंगाळतं. आपण त्याला ‘घुमतं’ म्हणतो आणि सोडून देतो, पण कान ते सोडत नाहीत. गादी-पांघरुणं असलेली झोपायची खोली त्याच घरात आधी ‘आपली’ वाटू लागते, ती काही अंशी यामुळेच. गादी आवाज पिते. चुण्यांचा जाड पडदा, सतरंजी, कापडी सोफा, उशा हेही आवाज पितात. वेडीवाकडी पुस्तकं भरलेलं उघडं कपाट आवाज विखरून टाकतं. काचेचं शोकेस यातलं काहीच करत नाही, उलट आणखी एक टणक पृष्ठभाग वाढवतं.

म्हणून थोड्या पैशात पहिला खर्च मऊ वस्तूंवर करा. त्या आमच्याकडूनच घ्या असं नाही. जुनी जाड चादर दुहेरी करून फरशीवर अंथरा, पुन्हा टाळी वाजवा आणि फरक पडतो का ते ऐका.

उजेड

यात आम्ही काही विकत नाही, तरी लिहितो, कारण चांगले पडदे वाईट उजेडात वाया गेलेले आम्ही पाहिले आहेत. छताच्या मधोमध एकच पांढराफटक दिवा असला की खोलीभर सपाट उजेड पडतो, कोपरे आणि चेहरे दोन्ही फिके दिसतात. दिव्याच्या खोक्यावर एक आकडा आणि पुढे ‘के’ छापलेलं असतं. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, उबदार उजेड. 6500 म्हणजे निळसर पांढरा. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत पहिला लावा. ओटा, अभ्यासाचं टेबल अशा कामाच्या जागी 4000 च्या आसपासचा बरा. एकाच खोलीत पिवळा आणि निळसर दिवा शेजारी शेजारी लावू नका, दोघेही आजारी दिसतात. छतावरच्या एका दिव्याऐवजी खाली, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येतील असे दोन छोटे दिवे लावले तर खोली एकदम जवळ येते. फक्त बल्ब थेट डोळ्यांत येऊ देऊ नका.

उजेडाचा आमच्या धंद्याशी आणखी एक संबंध आहे, आणि तो आम्ही चूक करून शिकलो. एका ग्राहकाने दुकानाच्या पांढऱ्या उजेडात करड्या हिरव्या रंगाचं कापड पसंत केलं. पडदे लागले, रात्री त्यांच्या पिवळ्या दिव्यांखाली ते सरळ मातकट दिसू लागले. कापड तेच, रंग तोच. उजेड बदलला की काही रंग असे पलटतात. चूक आमची होती, कारण आम्ही नमुना घरी नेऊ दिला नव्हता. तेव्हापासून वीतभर तुकडा दिल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही. तो खिडकीजवळ सकाळी पाहा, दिवा लावून रात्री पाहा, आणि मग कळवा. भिंतीच्या रंगालाही हाच नियम. बोटभर रंगपट्टीवरून ठरवू नका, भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन रंगवून दोन दिवस त्याच्याबरोबर राहा.

पडद्याचं माप

आमच्याकडे येणारी निम्मी मापं चुकलेली असतात आणि जवळजवळ सगळी एकाच तऱ्हेने : खिडकी पाच फूट, म्हणून पाच फूट कापड. असा पडदा ओढला की ताणलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो आणि कडेने उजेड आत येतो. स्वस्तात केलेलं काम स्वस्त दिसतं ते इथे. पडद्याला घेर लागतो, रॉडच्या लांबीच्या निदान दुप्पट.

हिशेब करून दाखवतो. खिडकी 60 इंच रुंद. रॉड दोन्ही बाजूंनी 8-8 इंच पुढे न्यायचा, म्हणजे पडदा उघडल्यावर काच मोकळी राहते, उजेड पुरा येतो आणि खिडकी आहे त्यापेक्षा मोठी भासते. रॉड झाला 76 इंच. दुप्पट घेर म्हणजे 152 इंच. 54 इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडाचे तीन पन्हे शेजारी शेजारी जोडावे लागतील. जोड आणि कडांच्या दुमडी वजा जाता घेर बरोबर दुप्पट उरतो. दोन पडदे केले तर प्रत्येकाला दीड पन्हा. आता उंची. रॉड खिडकीच्या चौकटीला चिकटवून लावू नका, जागा असेल तर 4 ते 6 इंच वर लावा. जमिनीपासून रॉड 84 इंचांवर असेल, तर वरची पट्टी आणि खालची दुमड धरून एका पन्ह्याला 96 इंच, म्हणजे 8 फूट कापड. तीन पन्हे, 24 फूट. साडेसात मीटर कापड आणलंत की काम भागलं. मोठं डिझाइन असेल तर जुळवणीसाठी जास्त लागतं, म्हणून बजेट कमी असेल तेव्हा साधं किंवा बारीक विणीचं कापड घ्या. महागाचं कापड घेऊन घेरात काटकसर करण्यापेक्षा साधं सुती कापड घेऊन घेर भरपूर ठेवलेला कधीही चांगला दिसतो. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतं. ते कापण्याआधी धुऊन घ्या, नाहीतर महिन्याभरात पडदा जमिनीपासून चार बोटं वर उडी मारतो. न आटता मात्र तो जमिनीच्या अर्धा इंच वर थांबावा, घासत जाऊ नये.

अस्तर सगळीकडे लागत नाही. उन्हाच्या खिडकीला आणि झोपायच्या खोलीला लावा, कारण ऊन रंग खातं आणि अस्तर ते आधी खातं. बाकी ठिकाणी तो खर्च वाचवा.

एक विनंती, जी ऐकून आमचेच कारागीर आमच्याकडे रोखून बघतात : पहिल्याच आठवड्यात पडदे शिवायला टाकू नका. महिनाभर खिडकीला दोरी बांधून जुनी चादर लावा. ऊन कोणत्या खोलीत किती वाजता येतं, समोरून कुठवर दिसतं, कुठली खिडकी रोज उघडता आणि कुठली कधीच नाही, हे राहिल्याशिवाय कळत नाही. दुसरं कारण ओलीचं आहे. नव्या बांधकामात प्लास्टर आणि काँक्रीटमधलं पाणी कित्येक महिने हळूहळू बाहेर पडत असतं. खिडक्या उघड्या ठेवा, कपाटं बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून लावा. ओलसर भिंतीला टेकलेल्या जाड पडद्यावर बुरशीचे काळे ठिपके पडले, तर ते आम्हालाही काढता येत नाहीत.

जुना सोफा टाकण्याआधी

दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. सांगाडा कुरकुरत, डगमगत नसेल तर सोफा मेलेला नाही, फोम मेला आहे. बसायच्या जागेला 32 ते 40 डेन्सिटीचा फोम घाला, वर नवीन कव्हर चढवा. सांगाडाच सैल असेल तर त्यावर कापड घालायला आम्ही नाहीच म्हणतो.

उशांचं तर आणखी सोपं. अभ्रा उशीपेक्षा इंच-दोन इंच लहान शिवा. 18 इंचांच्या उशीला 17 चा अभ्रा घातला की उशी टच्च भरलेली दिसते. 18 ला 18 घातला की कोपरे कुत्र्याच्या कानांसारखे लोंबतात.

भिंतीवरच्या चित्रांबद्दल थोडक्यात : बहुतेक घरांत ती फार वर टांगलेली असतात. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 57 इंचांवर येऊ द्या. सोफ्याच्या वर असेल तर पाठीपासून 6 ते 8 इंच. खिळा ठोकण्याआधी वर्तमानपत्राचा त्याच आकाराचा कागद चिकटवून दोन दिवस बघा. झाडं जरूर ठेवा, हिरवं बघायला बरं वाटतं. पण दोन कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते हे खरं नाही. तसे प्रयोग बंद पेटीत झाले होते. खऱ्या खोलीत खिडकी उघडल्याने जेवढा फरक पडतो, तेवढ्यासाठी चौरस मीटरला किमान दहा आणि बहुधा त्याहून कितीतरी जास्त कुंड्या लागतील, असा हिशेब 2019 मध्ये जुन्या प्रयोगांचे आकडे तपासून मांडला गेला.

माप देताना कापडी टेप वापरू नका, ती वर्षानुवर्षं ताणून लांबलेली असते. स्टीलची घ्या. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजा. उंची डाव्या-उजव्या दोन्ही टोकांना मोजा, कारण नव्या घरातली फरशीही नेहमी सपाट नसते. सगळे आकडे इंचांत लिहा, कुठला कुठल्या खिडकीचा तेही लिहा, आणि खिडकीचा समोरून एक फोटो काढून आणा. उरलेलं कापड आम्ही पडद्यांबरोबर परत देतो, ते मागून घ्या.