झाकण मिटलेला पियानो

नव्या पाश्चात्त्य संगीताच्या कार्यक्रमात कधी वादक पियानोच्या तारांत स्क्रू आणि रबराचे तुकडे अडकवतो, कधी श्रोत्यांनाच उठून काहीतरी करायला सांगतो. हे सगळं आलं कुठून? गंमत म्हणजे त्याची सुरुवात श्रोत्यांच्या गप्प बसण्यापासून करावी लागते.

युरोपातले श्रोते काही पूर्वीपासून तोंडावर बोट ठेवून बसत नव्हते. 1778 मध्ये पॅरिसला आपली सिम्फनी सुरू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे मोझार्टने वडिलांना मोठ्या आनंदाने कळवलं होतं. आपल्या बैठकीतल्या ‘क्या बात है’सारखंच ते. पुढे एकोणिसाव्या शतकात सभागृह देवळासारखं झालं आणि खोकणंही गुन्हा ठरलं. 1913 मध्ये लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकाराने यंत्रांच्या गोंगाटालाही संगीतात जागा मागितली. पण त्या शांततेच्या मुळाशी हात घातला तो अमेरिकेच्या संगीतकार जॉन केजने.

इथे एक भारतीय धागा आहे आणि तो वरवरचा नाही. 1946 मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला केजकडे पाश्चात्त्य संगीत शिकायला गेल्या आणि मोबदला म्हणून त्यांनी त्याला आपलं संगीत शिकवलं. संगीत कशासाठी, असं केजने विचारलं. मन शांत, निवळ व्हावं आणि दैवी स्पर्शाला मोकळं राहावं यासाठी, असं आपल्या गुरूंचं सांगणं त्यांनी त्याला ऐकवलं. हे उत्तर केज पुढे आयुष्यभर सांगत राहिला. भारतीय कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांच्या लेखनातून त्याला रसविचारही भेटला होता. तारांत स्क्रू आणि रबर अडकवलेल्या पियानोसाठीची ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ ही रचना त्याने त्यावरच बेतली.

1952 च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये जे घडलं, त्याचं वर्णन प्रत्येक साक्षीदार वेगळं करतो. केज शिडीवरून व्याख्यान देत होता, डेव्हिड ट्यूडर पियानो वाजवत होता, मर्स कनिंगहॅम खुर्च्यांमधून नाचत होता. वर रॉबर्ट राउशनबर्गची कोरी पांढरी चित्रं टांगलेली. सगळं एकाच वेळी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

त्याच वर्षी 29 ऑगस्टला वुडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक हॉलमध्ये ट्यूडर पियानोपुढे बसला, झाकण मिटलं आणि घड्याळ बघत राहिला. केजची ही रचना तीन भागांची, एकूण 4 मिनिटं 33 सेकंदांची. एक सूर वाजला नाही. हॉल मागून रानाकडे उघडा. केजच्या आठवणीप्रमाणे पहिल्या भागात वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पाऊस, तिसऱ्यात लोकांची कुजबुज आणि उठून जाणाऱ्यांची पावलं. अनेकांना ही थट्टा वाटली. माझ्या मते थट्टा नव्हतीच. ज्यांना इतकी वर्षं गप्प बसवलं होतं, त्यांचाच आवाज त्या दिवशी कार्यक्रम झाला होता.

पुढची पायरी न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमधली. तिथल्या केजच्या वर्गात संगीतकारांपेक्षा चित्रकार आणि कवीच जास्त रमले. त्यांतल्या अ‍ॅलन कॅप्रोने ऑक्टोबर 1959 मध्ये रूबेन गॅलरीत ‘सहा भागांतली अठरा हॅपनिंग्ज’ केली. प्लॅस्टिकच्या पडद्यांनी पाडलेल्या तीन खोल्या, घंटेच्या ठोक्यावर इकडून तिकडे जाणारे प्रेक्षक, हातात सूचनांच्या चिठ्ठ्या. कोणी संत्री पिळतंय, कोणी रंग फासतंय. ‘हॅपनिंग’ हा शब्द यानंतरच रुळला आणि इतका उधळला गेला की पुढे खुद्द कॅप्रोच त्याला कंटाळला. 1962 मध्ये जर्मनीतल्या व्हीसबाडेन इथे ‘फ्लक्सस’ या प्रयोगशील कलावंतांच्या गटातल्या मंडळींनी तर मंचावर पियानोच मोडून काढला. तिथे कान कमी आणि डोळे जास्त खूश झाले, असं मला वाटतं.

1964 च्या जगदौऱ्यात कनिंगहॅमची नृत्यमंडळी केज आणि ट्यूडरसह मुंबई आणि अहमदाबादलाही येऊन गेली.

केज 1992 मध्ये गेला. ‘शक्य तितकं संथ’ वाजवायची त्याची एक रचना जर्मनीतल्या हाल्बरश्टाटच्या जुन्या चर्चमध्ये 2001 पासून ऑर्गनवर सुरू आहे. सुरुवातच विरामाची, त्यामुळे पहिले सतरा महिने फक्त भात्याचा आवाज होता. सूर बदलायचा दिवस आला की लांबून माणसं गोळा होतात. ठरल्याप्रमाणे ती 2640 मध्ये संपेल.